महसुली गाव आणि गुडा : नार्नूर परिसराच्या विद्युतीकरणाचा इतिहास

तेलंगण राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर मंडल महाराष्ट्राच्या सीमेजवळ, डोंगराळ व पठारी भागात वसलेले आहे. येथे गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. वस्तीची रचनाही तशीच संमिश्र आहे. बाजारपेठेच्या गावात व्यापारी, कारागीर व नोकरदार राहतात, त्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत. त्याभोवती गोंडांचे गुडे, कोलामांच्या लहान वस्त्या आणि बंजाऱ्यांचे तांडे विखुरलेले आहेत. सरकारी दप्तरात मात्र या सगळ्यांची नोंद अनेकदा एकाच महसुली गावाच्या नावाखाली होते. या परिसरात वीज केव्हा आली, या प्रश्नाचे उत्तर देताना नेमकी हीच गोष्ट आड येते. गावात वीज आली त्या वर्षी गुड्यात आली असे नाही, आणि गुड्यात आली त्या वर्षी प्रत्येक घरात आली असेही नाही. विद्युतीकरणाचे आकडे वाचताना मोजणीचे एकक कोणते होते, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

निजाम राजवटीतील आरंभ

हैदराबाद संस्थानात विजेचा वापर विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात सुरू झाला. राजधानीतील टांकसाळ, राजवाडे, सरकारी कचेऱ्या आणि नंतर शहरातील रस्ते असा त्याचा क्रम होता. १९२०च्या सुमारास हुसेनसागराच्या काठी कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली व १९२९ मध्ये त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवण्याचा हा भारतातील मोठा प्रयोग होता. विजेला ‘बर्क़’ आणि विजेसंबंधी ते ‘बर्क़ी’ ही परिभाषा संस्थानी कारभारात रुळली. वीज हा विषय एका भारतीय भाषेतून शिकवला जात होता, याची दखल विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात जेवढी घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

परंतु ही बर्क़ी दुनिया जिल्ह्यांपर्यंत फारशी पोहोचली नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व भागात बेल्लमपल्लीच्या परिसरात १९२०च्या दशकात कोळशाच्या खाणी सुरू झाल्या आणि १९३८ मध्ये सिरपूर कागद गिरणीची स्थापना झाली. उद्योगाचा जिल्हा असा लौकिक येऊ लागला तरी उटनूर, जैनूर, नार्नूर या पश्चिमेकडील डोंगरी भागाशी राज्यसत्तेचा संबंध मुख्यतः जंगलखाते, महसूल आणि पोलीस यांच्यामार्फतच येत असे. जंगल राखीव करण्याच्या धोरणामुळे गोंडांना गावे सोडावी लागली. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेले, त्या लढ्याच्या मुळाशी जमीन आणि जंगल यांचाच प्रश्न होता.

या उठावानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी या भागाचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये नार्नूरच्या शेजारच्या भागात मार्लावाई येथे आदिवासी शिक्षणाचे केंद्र सुरू झाले. तेथील गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत होती. या परिसरात मराठी रुजलेली होती, म्हणून ही निवड स्वाभाविक होती. पुढे मराठी इतिहासकार म्हणून नावाजलेले आणि उर्दू-फारसीचे जाणकार सेतुमाधवराव पगडी हे त्या काळात निजाम सरकारच्या सेवेत होते. त्यांनी गोंडी शिकून आदिलाबादच्या गोंडांवर लेखन केले. म्हणजे या डोंगरात शाळा, लिपी आणि पुस्तक यांचा प्रवेश विजेच्या कितीतरी आधी झाला. शाळा सुटल्यानंतरचा अभ्यास मात्र चुलीच्या उजेडात, मोहाच्या बियांच्या तेलाच्या दिव्यावर आणि नंतर घासलेटच्या चिमणीवर चालत राहिला. बाजारगावात मगरिबनंतर बसणाऱ्या मकतबाची स्थितीही वेगळी नव्हती. कंदिलाची काच पुसणे हे तिथल्या मुलांचे रोजचे काम असे.

१९५६ ची सीमारेषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशकडे आली. राजुरा १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. नार्नूर, उटनूर आंध्र प्रदेशात राहिले. एकाच जातीजमातींचे, एकाच सोयरिकीचे, एकाच प्रकारची कापूस-ज्वारी-तूर पिकवणारे लोक दोन राज्यांत विभागले गेले. १ एप्रिल १९५९ रोजी आंध्र प्रदेश राज्य विद्युत मंडळ आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे वीज कशी पोहोचली, याचा तुलनात्मक अभ्यास करण्यास हा भाग म्हणूनच फार उपयुक्त आहे.

दोन्ही मंडळांसमोरची अडचण सारखी होती. तारा ओढण्याचा खर्च मोठा आणि वस्ती विरळ. १९६५ ते १९६७ मधील दुष्काळानंतर देशाचे लक्ष धान्योत्पादनाकडे वळले. ग्रामीण पतपुरवठ्याचा आढावा घेणाऱ्या बी. वेंकटप्पय्या समितीच्या शिफारशीवरून १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि वेंकटप्पय्या हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महामंडळ कर्ज देणार आणि कर्जाची फेड वीजविक्रीतून होणार, म्हणजे वीज विकत घेणारा गिऱ्हाईक हवा. खेड्यात तो गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवरचा पंप. घरातला एक दिवा महिन्याला किती युनिट जाळणार? त्यामुळे जिथे विहिरी व पाणी, तिथे तारा लवकर गेल्या. नार्नूरसारख्या कोरडवाहू पठारावर पंप थोडे असल्यामुळे योजनेचे गणित बसत नसे. पाचव्या योजनेत, १९७४ पासून, किमान गरजा कार्यक्रमात ग्रामीण विद्युतीकरणाचा समावेश झाला आणि मागास भागांना काही सवलत मिळाली. पण पंपाभोवती बांधलेली मूळ चौकट बदलली नाही.

याच काळात एक वेगळा मार्गही चाचपला गेला. महामंडळाच्या आरंभीच्या वर्षांत देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांत अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा आणि आदिलाबादच्या दक्षिणेला असलेल्या करीमनगर जिल्ह्यातील सिरसिल्ला येथील संस्था होती. सभासद हेच ग्राहक आणि हेच मालक. मुळा-प्रवरेचे वीजवितरण २०११ मध्ये थांबले. सिरसिल्लाची संस्था मात्र टिकून राहिली. ऊस आणि यंत्रमाग असलेल्या भागांत ही सहकारी वीज उभी राहिली, ही बाब बोलकी आहे. ज्या भागात नियमित बिल भरणारा वर्ग आधीच तयार होता, तिथेच ती रुजली.

‘विद्युतीकरण झालेले गाव’ म्हणजे काय?

या इतिहासाचे खरे मर्म एका सरकारी व्याख्येत आहे. १९९७ पर्यंत देशात अशी व्याख्या रूढ होती की, महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत समजावे. गावापासून दूर शिवारात एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप चालू झाला, की सारे गाव कागदावर उजळले! वस्तीत एकही दिवा नसला तरी चालत असे. ऑक्टोबर १९९७ मध्ये सुधारणा झाली आणि वीज लोकवस्तीत वापरली गेली पाहिजे अशी अट आली. पण एका वस्तीतील एक जोडणीही पुरेशी होती. २००४ मध्ये तिसरी व्याख्या आली. वस्तीत आणि दलित वस्तीत रोहित्र व तारा असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज उपलब्ध असावी आणि किमान दहा टक्के घरांना जोडणी असावी. दहा टक्के! म्हणजे शंभरांपैकी नव्वद घरांत चिमणी पेटत असली तरी गाव विद्युतीकृतच.

नार्नूरसारख्या भागात या व्याख्येचा परिणाम सपाटीवरील खेड्यांपेक्षा अधिक खोल झाला. सपाटीवरचे खेडे एकगठ्ठा असते; एका टोकाला आलेली तार काही वर्षांत दुसऱ्या टोकाला पोहोचते. डोंगरी भागातील महसुली गाव म्हणजे बाजाराची वस्ती, तिच्यापासून कोस-दीड कोसावरचा गुडा, ओढ्यापलीकडचा तांडा आणि त्याहून वरच्या उतारावरची कोलामांची पाच-पंचवीस घरे. पहिली तार बाजाराच्या वस्तीत आली की मोजणी पूर्ण झाली. उरलेल्यांसाठी नव्याने योजना करायची तर ते गाव यादीत ‘झालेले’ म्हणून आधीच वगळलेले असे.

आंध्र प्रदेशाने गावांच्या मोजणीत देशात आघाडी घेतली होती आणि १९९०च्या दशकात राज्यातील जवळजवळ सर्व गावे विद्युतीकृत गणली जात होती. २००१च्या जनगणनेत गावांऐवजी घरांना विचारण्यात आले की, उजेडासाठी काय वापरता? तेव्हा आंध्र प्रदेशातील ६७.२ टक्के घरांनीच वीज असे उत्तर दिले. साऱ्या गावांत वीज आणि तिसरा हिस्सा घरे अंधारात, अशी ही स्थिती होती. देशाचा आकडा ५५.८ टक्के, आणि अनुसूचित जमातींच्या घरांचा अवघा ३६.५ टक्के होता. नार्नूरच्या गुड्यांचा प्रश्न या शेवटच्या आकड्यात दडलेला आहे.

कोळशाच्या कुशीतला अंधार

हे सर्व घडत असताना आदिलाबादच्या दोन्ही बाजूंना देशातील मोठी औष्णिक केंद्रे उभी राहत होती. दक्षिणेला गोदावरीपलीकडे रामगुंडम येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे केंद्र १९८३ मध्ये सुरू झाले आणि त्याची क्षमता पुढे २,६०० मेगावॉटपर्यंत वाढली. उत्तरेला चंद्रपूरचे केंद्रही त्याच दशकात कार्यरत झाले. दोन्ही केंद्रे याच गोदावरी-वर्धा खोऱ्यातील कोळशावर चालत. १९९७-९८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडणारा १,००० मेगावॉटचा दुवा सुरू झाला. १९९९ मध्ये चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी कार्यान्वित झाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले.

उच्चदाब वाहिनीतून घराला वीज देता येत नाही, ही तांत्रिक बाब आहे. चारशे किलोव्होल्टची वीज उतरवत उतरवत उपकेंद्रात, तेथून अकरा किलोव्होल्टवर आणि शेवटी वस्तीतील रोहित्रावर घराच्या योग्यतेची करावी लागते. या उतरंडीची शेवटची पायरी सर्वांत स्वस्त असते, आणि नेमकी तीच बांधायची राहून गेली. त्यामुळे दोष तंत्राचा होता असे म्हणता येत नाही.

घानामधील आकोसोंबो धरणाची कथा याच जातीची आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची वीज प्रामुख्याने अॅल्युमिनियम कारखान्यासाठी होती; सुमारे ८०,००० लोक विस्थापित झाले आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या नव्या वसाहतींना विजेसाठी दीर्घकाळ थांबावे लागले. आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील देशांत आजही सुमारे ६० कोटी लोकांकडे वीज नाही. त्यातही सगळेच तारांपासून दूर राहतात असे नाही. केनियात असंख्य घरांच्या डोक्यावरून तार जात होती, पण जोडणीचे शुल्क ३५,००० शिलिंग होते. २०१५ च्या सुमारास ते १५,००० वर आणले गेले, तेव्हा जोडण्या वाढल्या. नार्नूरच्या परिसरातील कुटुंबाला हा अनुभव सांगायची गरज नाही. खांब दारात येतो, पण कोटेशनचे पैसे, मीटर, सर्व्हिस वायर आणि घरातले फिटिंग यांचा खर्च मजुरीवर जगणाऱ्याला झेपत नाही. मग आकडा टाकला जातो. त्याला चोरी म्हणणे सोपे आहे, पण तो पुष्कळदा जोडणीच्या किमतीबद्दलचा अभिप्रायही असतो. १९८८-८९ मधील कुटीर ज्योती योजनेने दारिद्र्यरेषेखालील घरांना एका दिव्याची जोडणी देऊन हा अडथळा प्रथमच ओळखला. मात्र एका दिव्यापुढे तिची कल्पना गेली नाही.

गुड्याची मोजणी

एप्रिल २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली. खर्चाच्या ९० टक्के अनुदान आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणी, ही तिची वैशिष्ट्ये. पंपाची अट सुटली, घर केंद्रस्थानी आले. तरीही वस्तीच्या आकाराची मर्यादा होती: प्रथम ३०० लोकसंख्येवरील आणि २००८ नंतर १०० वरील वस्त्या. शंभर ही संख्या दिल्लीत बसून लहान वाटते. कोलामांच्या कितीतरी वस्त्या तेवढ्याही नसतात.

जंगलाचा प्रश्न वेगळाच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे वनजमिनीतून खांब नेण्यासाठी केंद्राची परवानगी लागू लागली. ज्या गोंड-कोलामांना जंगल राखीव करताना अतिक्रमक ठरवले गेले, त्यांच्या वस्तीपर्यंतची तारही आता अतिक्रमण ठरण्याची वेळ आली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वीज व दूरसंचार वाहिन्यांसह १३ सोयींना मुभा मिळाली. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस, अशा अटींवर. या तरतुदीकडे विद्युतीकरणाच्या इतिहासकारांनी दुर्लक्ष केले आहे. डोंगरी भागात तिचे महत्त्व अनुदानाइतकेच आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालातही हीच लहान वस्तीची कहाणी दुसऱ्या अंगाने येते. गाव जितके लहान आणि त्यातील मुस्लिमांचे प्रमाण जितके अधिक, तितकी ते विजेवाचून असण्याची शक्यता जास्त, असे समितीला आढळले. आदिवासींचा गुडा आणि मुस्लिमांची वस्ती यांचे सामाजिक स्थान भिन्न आहे. परंतु मोजणीतून निसटण्याची रीत एकच आहे.

२०११च्या जनगणनेत आंध्र प्रदेशातील ९२.२ टक्के घरे विजेचा उजेड वापरत होती. महाराष्ट्राचा आकडा २००१ मध्ये ७७.५, म्हणजे आंध्रच्या पुढे होता. २०११ मध्ये तो ८३.९ वर थांबला. दहा वर्षांत दोन शेजाऱ्यांची जागा उलटली. आंध्रने घरजोडण्यांवर दिलेला भर हे त्याचे मोठे कारण मानावे लागते. त्याच काळात, २००५ नंतरची काही वर्षे, ग्रामीण महाराष्ट्र दिवसाला कित्येक तासांचे भारनियमन सोसत होता. आंध्रच्या बाजूनेही तक्रारी कमी नव्हत्या. ऑगस्ट २००० मध्ये वीज दरवाढीविरुद्ध हैदराबादेत आंदोलन झाले आणि बशीरबाग येथे पोलीस गोळीबारात माणसे मेली. २००४ मध्ये शेतीपंपांना मोफत वीज मिळाली, पण ठरावीक तासच, आणि पुष्कळदा रात्री. मोफत विजेचा लाभ विहीर असणाऱ्याला. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न त्या वेळच्या गाजावाजात विरून गेला.

घरगुती विजेच्या सवलतीत सीमेचा परिणाम आणखी ठळक दिसतो. तेलंगण भागातील बंजारा म्हणजे लंबाडा समाज १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आला. महाराष्ट्रात तो विमुक्त जातीत मोडतो. २०१३ मध्ये आंध्र प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना महिन्याला ५० युनिटांपर्यंत मोफत वीज देण्यात आली आणि तेलंगणात पुढे ती मर्यादा १०१ युनिटांवर नेण्यात आली. नार्नूरच्या तांड्यातील बंजाऱ्याला हा लाभ मिळाला. जिवती तालुक्यात दिलेल्या त्याच्या मुलीच्या घराला मिळाला नाही. आणि नार्नूरच्या बाजारातील पिंजारी किंवा हमाली करणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला, मिळकत तितकीच असूनही, तो मिळण्याचा प्रश्न नव्हता. मार्च २०२४ मध्ये तेलंगणात गृहज्योती योजना सुरू झाली, तेव्हा शिधापत्रिकाधारक कुटुंबांना जातीची अट न ठेवता महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज मोफत झाली.

एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधील लेइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याआधीच सप्टेंबर २०१७ मध्ये घराघरांसाठी सौभाग्य योजना जाहीर करावी लागली होती. गाव पूर्ण होणे आणि घर पूर्ण होणे यांतील अंतर सरकारनेच त्यातून मान्य केले. नार्नूर मंडलाचे २०१६ मध्ये विभाजन होऊन गादीगुडा हे नवे मंडल झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिदुर्बल आदिवासी समूहांसाठी प्रधानमंत्री जनमन अभियान सुरू झाले, ज्यात कोलाम येतात. या अभियानात वस्तीच्या लोकसंख्येची किमान मर्यादा न पाहता विजेवाचूनच्या घरांची यादी करण्यात आली. १९६९ पासून पंप, गाव, वस्ती अशा क्रमाने बदलत आलेले मोजणीचे एकक अशा रीतीने कोलामाच्या घरापाशी येऊन ठेपले. त्या घरात दिवा रोज किती तास जळतो आणि वादळात पडलेला खांब किती दिवसांनी उभा राहतो, याचा रकाना मात्र या घरजोडण्यांच्या यादीत नाही.